चकलीची भाजणी: धुण्यापासून तळणीपर्यंत नेमकं कुठे चुकतं

चकली तेलात विरघळली की आपण तेलाला दोष देतो. तुकडे पडले की सोऱ्याला. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ओळखीच्या मंडळींचे जे फोन येतात, त्यात दोन-चार प्रश्न विचारले की कळतं, बहुतेकदा चूक आधीच होऊन गेलेली असते. डाळ ओलसर असताना भाजायला घेतलेली असते, दळण जाडसर आलेलं असतं, किंवा उकडीला, म्हणजे उकळत्या पाण्यात कालवून झाकलेल्या पिठाला, पाणी अंदाजाने ओतलेलं असतं.

चकली करताना खरं सांभाळायचं असतं ते पाणी. धुताना धान्यात शिरलेलं पाणी वाळवून आणि भाजून पूर्ण काढायचं, मग उकडीत ते मोजून परत घालायचं आणि तळताना पुन्हा सगळं बाहेर काढायचं. यातली एक पायरी अर्धवट राहिली की ती पुढच्या पायरीवर भरून निघत नाही. म्हणून क्रम सोडू नका.

प्रमाण

साधारण दोन किलोच्या आसपास पीठ होईल असं हे प्रमाण आहे:

- जुना तांदूळ १ किलो
- हरभरा डाळ अर्धा किलो
- मूगडाळ पाव किलो
- उडीद डाळ पाव किलो
- पोहे १५० ग्रॅम
- साबुदाणा १०० ग्रॅम
- धणे ५० ग्रॅम
- जिरे २५ ग्रॅम

घराघरात हे थोडं वेगळं असतं आणि ते चालतं. बदलायचं नाही ते एकच: तांदूळ आणि हरभरा डाळ यांचं दोनास एक हे नातं. डाळ फार वाढवली की चकली तेल पिते, तांदूळ फार वाढवला की दातांना त्रास.

तांदूळ जुना आणि मोकळा शिजणारा घ्या, कोलम किंवा साधा जाडा. आंबेमोहोर, इंद्रायणी भाताला उत्तम, पण त्यांचा चिकटपणा इथे नको.

सावधान: घरात थालीपिठाची भाजणी उरली आहे म्हणून तिच्याच चकल्या करू नका. त्या भाजणीत ज्वारी-बाजरी असते, ती जास्त खमंग भाजलेली असते आणि मुद्दाम रवाळ दळलेली असते. सोऱ्यातून तिचा धागा सलग येत नाही.

१. धुणं आणि वाळवणं

तांदूळ आणि तिन्ही डाळी वेगवेगळ्या धुवा. दोन-तीन पाण्यांतून चटकन काढायच्या, भिजत ठेवायच्या नाहीत. पाच मिनिटांचा फोन घेतला आणि मूगडाळ पाण्यात राहिली, तर ती आतपर्यंत पाणी ओढते आणि मग वाळायला दुप्पट वेळ घेते. पोहे, साबुदाणा, धणे, जिरे धुवायचे नाहीत, फक्त निवडायचे आणि चाळायचे.

धुतलेलं धान्य रोवळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मग स्वच्छ सुती पंचावर किंवा जुन्या मऊ सुती साडीवर पातळ थर पसरा. घरातच, पंख्याखाली. थर इतका पातळ हवा की मधूनमधून खालचं कापड दिसलं पाहिजे. तीन-चार तासांनी एकदा हात फिरवून वरखाली करा.

कोरड्या हवेत एक दिवस पुरतो. कोकणात किंवा पाऊस लांबलेल्या ऑक्टोबरमध्ये दोन दिवसही लागतात. घाई असेल तर एक दिवस पुढे ढकला, पण ओलं धान्य पुढच्या पायरीला नेऊ नका.

तपासणी: हरभऱ्याची डाळ दाताखाली धरा. कुटकन तुटली तर वाळली. दात आधी रुतून मग तुटली तर अजून ओल आहे. वरून हात लावून कळत नाही, कारण वरचा पापुद्रा आधी कोरडा होतो.

एका वर्षी मी ही तपासणी केली नाही. बाहेर ढग होते, पाहुणे यायचे होते, डाळ हाताला कोरडी लागत होती. भाजतानाही वास बरा आला. गिरणीत मात्र अर्ध्यावर दगडाला पीठ चिकटलं, चक्की थांबवून खरवडावं लागलं आणि जे हातात आलं ते पीठ नव्हतं, पापुद्रे होते. दोन किलोंची भाजणी आणि दोन दिवस गेले. तेव्हापासून डाळ चावल्याशिवाय मी कढई तापवत नाही.

२. भाजणं

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तांदळाचा दाणा, डाळीची फाक आणि पोह्याचा पापुद्रा यांना लागणारा वेळ सारखा नसतो. एकत्र टाकलं तर मूगडाळ करपते तेव्हा हरभरा डाळ आत कच्चीच असते. जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही.

तांदूळ आधी घ्या. त्याचा रंग बदलायची वाट बघायची नाही. काचेसारखा दिसणारा दाणा दुधाळ पांढरा होतो, किंचित फुगतो आणि उलथणं हलकं चालायला लागतं. आवाजही बदलतो. सुरुवातीला ढवळताना जड, बसका आवाज येतो, भाजून झाला की दाणे कढईत खळखळतात. अर्ध्या किलोला दहा-बारा मिनिटं धरा. कान तिकडे ठेवलात तर घड्याळ लागत नाही.

मग हरभरा डाळ. खमंग वास आला आणि कडांना जेमतेम गुलाबीपणा आला की उतरवा. उडीद डाळ तशीच, वास आला की पुरे. मूगडाळ सर्वात लवकर लागते, तिच्यापाशी उभंच राहावं लागतं.

साबुदाण्याला लोक घाई करतात. तो बाहेरून गरम झाला तरी मध्ये टणक राहतो आणि दळताना तोच कणी होऊन उरतो. अगदी मंद आचेवर तो थोडा फुगेपर्यंत भाजा. एक दाणा दाताखाली धरा, कुरकुरीत फुटला पाहिजे. पोहे बोटांत चुरले की झाले. धणे-जिरे शेवटी, गॅस बंद करून तापलेल्या कढईत नुसते फिरवायचे.

सावधान: भाजलेला जिन्नस कढईत ठेवू नका. गॅस बंद केला तरी तळाचा थर भाजतच राहतो. लगेच परातीत किंवा कागदावर पसरा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जास्त भाजणं. खमंग वासाच्या मोहाने डाळी बदामी केल्या, तर पिठाचा धरून ठेवण्याचा गुण कमी होतो, उकड भुसभुशीत येते आणि चकली तळताना रंग आधी गडद होतो. मग आतून कच्ची असतानाच आपण ती काढतो. या भाजणीचा रंग फिका असायला हवा. खमंगपणा तळताना येतो.

भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करा. कोमट असताना डब्यात भरलं तर आत घाम धरतो, आणि दोन दिवसांत घालवलेलं पाणी तासाभरात परत येतं.

३. दळण

गिरणीत डबा ठेवून निघून येऊ नका. दोन गोष्टी बोलायच्या असतात.

पहिली: "आधी काय दळलंय?" चक्कीच्या दगडांत आधीच्या दळणाचं पीठ थोडं राहतंच. तांदूळ किंवा हरभरा डाळ असेल तर उत्तम. गहू असेल तर भाजणीत चिवटपणा येतो, बाजरी असेल तर रंग आणि वास दोन्ही बदलतात. थांबणं शक्य नसेल तर घरून दोन मुठी जादा तांदूळ वेगळे न्या आणि आधी ते घालायला सांगा. ते पीठ बाजूला काढून घ्या, आंबोळ्यांना चालतं.

दुसरी: "चकलीची आहे, बारीक दळा." नुसतं भाजणी म्हटलं तर थालीपिठाची समजून जाडसर दळली जाते.

तपासणी: पहिलं मूठभर पीठ पडलं की चिमूट अंगठा आणि तर्जनीमध्ये घासा. तांदळाच्या पिठासारखं लागलं पाहिजे. बारीक रव्यासारखी खरखर लागली तर तिथेच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

बारीक का, हे एकदा कळलं की माणूस गिरणीत थांबतो. गव्हाच्या कणकेला चिवटपणा असतो, तो तांदळाच्या आणि डाळीच्या पिठात नाही. भाजणीची उकड एकत्र धरली जाते ती गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो म्हणून. बारीक कण अर्ध्या तासात आतपर्यंत भिजतो. जाड कण वरून ओला आणि आतून कोरडा राहतो. सोऱ्यातून धागा येताना नेमका त्या कणापाशी तडा जातो, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं. मग पाणी घालतो, चकली सैल होते आणि काटे बसतात.

दळण जाडसर आलंच असेल तर मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेली कणी मिक्सरमध्ये पुन्हा फिरवून पिठात मिसळा. कणी फेकून देऊ नका, तिच्यात नेमके कडक जिन्नस असतात आणि ती गेली की प्रमाणच बदलतं. घरी सगळंच मिक्सरवर करायचं असेल तर एका वेळी एक वाटी, थांबत थांबत, आणि प्रत्येक वेळी चाळून.

दळून आलेलं पीठ गरम असतं. घरी आल्याबरोबर परातीत पसरा, वर पातळ कापड टाका. हाताला गार लागलं की मगच डब्यात. कोरड्या डब्यात महिना-दीड महिना चांगली राहते. वापरण्याआधी वास घ्या, खवट वाटली तर कोणत्याही मसाल्याने तो वास झाकत नाही.

४. उकड

आता इथून पुढे एका वेळी चार वाट्या भाजणीचा हिशोब करू. भाजणी आणि पाणी एकाच वाटीने मोजायचं. वाटी दाबून भरायची नाही, वरून सपाट करायची.

- पाणी साडेतीन वाट्या (मळायला अर्धी-पाऊण वाटी कोमट पाणी वेगळं)
- तेल ४ मोठे चमचे, सपाट
- तिखट २ ते ३ छोटे चमचे
- मीठ २ छोटे चमचे
- हळद आणि हिंग अर्धा-अर्धा छोटा चमचा
- ओवा १ छोटा चमचा, तळहातावर चुरडून
- तीळ २ मोठे चमचे

पाण्यात तेल आणि बाकी सगळं घालून उकळी आणा. खळखळून उकळलं पाहिजे, नुसतं गरम झालेलं चालत नाही. या पाण्याची चव घ्या: आमटीपेक्षा थोडं जास्त खारट आणि तिखट लागायला हवं. पीठ घातल्यावर ते उतरतं, आणि उकड झाल्यावर मीठ घातलं तर सारखं मिसळत नाही.

गॅस बंद करा, भाजणी एकदम घाला, उलथण्याच्या दांड्याने भराभर कालवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की वर घट्ट झाकण. अर्धा तास उघडायचं नाही. वाफ आत राहायला हवी, तीच उरलेले कण भिजवते. तासभर राहिली तरी हरकत नाही. रात्रभर मात्र नको, आंबूस होते.

सावधान: मोहन, म्हणजे उकडीत घालायचं तेल, हातसैल घालू नका. एका वाटीला एक सपाट मोठा चमचा हे पुरेसं आहे. जास्त मोहनाने चकली खुसखुशीत न होता तेलात पसरते. कमी झालं तर कडक होते, आणि तो दोष पुढे सुधारता येतो. जास्त झालेलं मोहन काढता येत नाही.

५. मळणं

सगळी उकड एकदम मळू नका. सोऱ्यात दोनदा भरेल एवढीच परातीत घ्या, बाकी झाकलेली राहू द्या. कोमट पाण्याचा हात लावत, तळहाताच्या टाचेने रगडून चार-पाच मिनिटं मळा. ही मिनिटं खरोखर मोजा. उकड नुसती एकत्र येणं आणि मऊ होणं यात बराच फरक आहे.

तपासणी: लिंबाएवढा गोळा करून तळहातावर चपटा करा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात अजून हवा. हाताला चिकटला तर पाणी जास्त झालं. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. न तुटता वळली की सोऱ्यात भरायला तयार.

पाणी जास्त झालं असेल तर कोरडी भाजणी थेट मळू नका, ती कच्ची राहते. मूठभर भाजणीत उकळतं पाणी घालून छोटी घट्ट उकड करा, दहा मिनिटं झाका आणि ती मिसळा.

६. चकल्या पाडणं

सोऱ्याला आतून तेलाचा हात, चांदणीची चकती. गोळा सोऱ्याच्या मापाचा लांबट करून सलग भरा, तुकड्या-तुकड्यांनी कोंबू नका. मध्ये राहिलेली हवा धागा तोडते, आणि ती चकलीत गेली तर तेलात फुटून उडते.

छोट्या कागदांवर किंवा पालथ्या ताटलीवर, सोऱ्या जवळ धरून तीन वेढे घाला. शेवटचं टोक आत दाबून चिकटवा. एका वेळी आठ-दहाच पाडा. पन्नास पाडून ठेवल्या तर पहिल्या चकल्यांचा वरचा थर सुकतो आणि उचलताना वेढे सुटतात.

७. आधी एकच तळा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला ती सर्वात मोलाची वाटते. तेल तापल्यावर एकच चकली तळा, कागदावर काढा, पाच मिनिटं थांबा. गरम चकली सगळ्यांचीच मऊ लागते, त्यामुळे गार होईपर्यंत मत बनवू नका. मग मोडा आणि आत बघा.

चांगल्या चकलीला आत बारीक नळी पडलेली असते, दाभण जाईल एवढी. भिंत कोरडी दिसते, मोडताना कट असा आवाज होतो. नळी नसेल आणि मध्ये ओलसर, गडद रेघ दिसत असेल तर पाणी आत राहिलंय.

- कडक झाली: उरलेल्या उकडीत एक चमचा गरम तेल किंवा लोणी घालून पुन्हा मळा.
- तेलात पसरली: तेल पुरेसं तापलेलं होतं का ते आधी बघा. तापलेलं असेल तर मोहन किंवा पाणी जास्त आहे, वर सांगितलेली घट्ट उकड मिसळा.
- बाहेरून लाल, आतून मऊ: आच मोठी आहे. उकडीला हात लावू नका.
- तेलकट: तेल थंड होतं, किंवा मोहन जास्त.

८. तळणं

कढई तेलाने निम्मीच भरा. पिठाची गोळी टाकून बघा: तळाशी जाऊन सावकाश वर आली तर तेल बरोबर तापलंय. तळाशीच बसली तर थांबा, टाकताक्षणी वर येऊन लाल झाली तर आच कमी करून थोडं निवू द्या. चकल्या मध्यम आचेवर सोडा, मिनिटभर झारा लावू नका, मग आच थोडी कमी करा. एका वेळी तीन-चारच. गर्दी केली की तेल थंड पडतं.

आता बुडबुड्यांकडे बघा. चकली पडल्याबरोबर तिच्याभोवती मोठे, जोरात फुटणारे बुडबुडे येतात. ती आतल्या पाण्याची वाफ असते. हळूहळू ते लहान होतात, चकलीच्या कडेला बारीक साखळीसारखे उरतात आणि आवाज बसतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली, रंग काहीही असो. मध्ये एकदाच उलटायची. रंगावर काढलेली चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते, बुडबुड्यांवर काढलेली सहसा पडत नाही.

दर घाण्यानंतर तेल पुन्हा तापू द्या, तळाशी पडलेले कण झाऱ्याने काढा, नाहीतर ते जळून पुढच्या चकल्यांना चिकटतात.

सावधान: तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा. झाकण तळायला बसण्याआधीच हाताशी आणून ठेवलेलं असावं.

९. ठेवणं आणि उरलेली उकड

चकल्या चाळणीवर किंवा जाळीवर उभ्या-आडव्या मोकळ्या ठेवा, खालूनही वारा लागला पाहिजे. दोन तासांनी, पूर्ण गार झाल्यावर डब्यात. कोमट चकलीची वाफ बंद डब्यात सगळ्यांना मऊ करते. नीट तळलेल्या चकल्या पंधरा-वीस दिवस कुरकुरीत राहतात.

मऊ पडल्याच तर ओव्हन १२० अंश सेल्सिअसला तापवून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गार करा. ओव्हन नसेल तर मंद तेलात बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा तळा.

शेवटी सोऱ्याच्या तळाशी आणि परातीच्या कडेला थोडी उकड उरते. ती पुन्हापुन्हा मळून सुकलेली असते आणि सोऱ्यातून नीट येत नाही. तिच्याशी झगडू नका. पाण्याचा हात लावून करंगळीएवढ्या वळ्या करा, टोकं जुळवून कडबोळी वळा आणि शेवटच्या घाण्यात मंद आचेवर तळा. चकलीपेक्षा ती जाड असतात, म्हणून बुडबुडे थांबायला जरा जास्त वेळ घेतात.